डेटाबेसमधील तारखांची उलटापालट: नवख्यांसाठी शोध आणि दुरुस्तीची पद्धत

दादरच्या एखाद्या दवाखान्याच्या नोंदवहीत ०४/०३/२०२४ असे लिहिले, तर ती ४ मार्च आहे याविषयी कोणाच्याही मनात शंका येत नाही. तोच मजकूर अमेरिकन इंग्रजी मांडणीवर चालणाऱ्या डेटाबेसकडे गेला, की तो त्याला ३ एप्रिल समजतो, नोंद जतन करतो आणि काम झाल्याचे कळवतो. कोणतीही त्रुटी दिसत नाही, कोणतीही सूचना येत नाही. तारखांच्या बाबतीत सर्वांत मोठे नुकसान या शांतपणे झालेल्या चुकीमुळे होते आणि नव्याने कामाला लागलेल्या प्रोग्रामरने सर्वांत आधी तीच ओळखायला शिकले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. या लेखात आकडे देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष डेटाबेसमध्ये आणि फाइलींमध्ये ते इंग्रजी आकड्यांतच असतात, हे उदाहरणे करून पाहताना लक्षात ठेवावे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘आपल्या टेबलमधील तारखेचा फॉरमॅट बदलून द्या’ अशी मागणी वरचेवर होते, पण तारखेच्या कॉलमला फॉरमॅट नसतोच. आत एक संख्या असते. एक्सेल ४ मार्च २०२४ ही तारीख ४५३५५ या संख्येच्या रूपात ठेवते. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचा जुना डेटटाइम हा प्रकार १ जानेवारी १९०० पासूनचे दिवस मोजतो, तर पोस्टग्रेस हा डेटाबेस १ जानेवारी २००० पासूनचे. पडद्यावर तुम्हाला जे दिसते, ते तुमच्या हातातल्या साधनाने त्या संख्येचे केलेले वाचन असते. त्यामुळे घोळ संख्येत होत नाही, तर मजकुराची संख्या आणि संख्येचा मजकूर होताना होतो. असे रूपांतर जिथे जिथे होते, ती प्रत्येक जागा म्हणजे एक दरवाजा आहे: ब्राउझरमधील फॉर्म, प्रोग्रामचा कोड, डेटाबेसचे सेशन (म्हणजे त्याच्याशी चालू असलेली एक जोडणी), बाहेर पाठवलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या मूल्यांची साधी मजकूर फाइल) आणि ती उघडणारे एक्सेल. यांपैकी नेमक्या कोणत्या दरवाजात तारीख उलटली, हे शोधणे हेच खरे काम आहे.

पहिली पायरी: काहीही बदलू नका

तक्रार आली, की संगणकाच्या रीजन सेटिंगमध्ये जाऊन दिवस-महिना-वर्ष अशी निवड करण्याचा मोह होतो. तो आवरावा. सेटिंग बदलल्यावर पुढच्या नोंदी कदाचित बरोबर पडू लागतील, पण त्याच टेबलमध्ये आधीच्या उलटलेल्या नोंदी आणि नंतरच्या बरोबर नोंदी एकमेकींत मिसळतील आणि महिन्याभराने त्या वेगळ्या करणे जवळजवळ अशक्य होईल. प्रथम बॅकअप घ्यावा आणि तक्रार कधी आली, सेटिंग किंवा सर्व्हर शेवटचा कधी बदलला, याची तारीख महिन्याच्या नावासह कागदावर लिहून ठेवावी.

दुसरी पायरी: लक्षण नीट ओळखा

दिवस १२ किंवा त्याहून कमी असेल, तर ती तारीख दोन्ही पद्धतींनी वाचता येते. वर्षात अशा १४४ तारखा येतात. त्यांतील १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा १२ तारखा उलटल्या तरी त्याच राहतात. म्हणजे १३२ दिवस असे आहेत, की त्या दिवशीची नोंद चुकीची होईल आणि कोणाला कळणार नाही. उरलेल्या दिवसांत महिन्याच्या जागी १३ किंवा त्याहून मोठा आकडा येतो आणि बहुतेक डेटाबेस तिथे थांबतात. म्हणूनच ‘कालपर्यंत चालत होते, आज सकाळपासून नोंद होत नाही’ असा फोन १३ तारखेला येतो. नवखा माणूस त्या दिवशीची त्रुटी दूर करतो आणि निश्चिंत होतो. वास्तविक त्या दिवशीच्या त्रुटीने कोणाचेही नुकसान केलेले नसते. नुकसान त्याआधीच्या बारा दिवसांत झालेले असते. १३ तारखेचा फोन आला, की १ ते १२ तारखांच्या नोंदी तपासल्याशिवाय काम संपले असे कधीही मानू नये.

त्रुटीचा मजकूर वाचण्याची सवयही लावून घ्यावी. ओरॅकल या डेटाबेसचा ओआरए-०१८४३ हा क्रमांक महिना अवैध असल्याचे सांगतो, तर ओआरए-०१८६१ हा मजकूर आणि फॉरमॅट जुळत नसल्याचे सांगतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्रुटी क्रमांक २४२ हा मूल्य मर्यादेबाहेर गेल्याचा आणि २४१ हा मजकुराचे तारखेत रूपांतरच न झाल्याचा असतो. यांपैकी ०१८४३ आणि २४२ हे क्रमांक दिसले, तर दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाल्याचा संशय आधी घ्यावा.

काही साधने मात्र १३ तारखेलाही थांबत नाहीत आणि ती अधिक धोक्याची आहेत. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये क्वेरीच्या (डेटाबेसला दिलेल्या प्रश्नाच्या) मजकुरात दोन हॅश (#) चिन्हांमध्ये लिहिलेली तारीख, संगणकाची रीजन सेटिंग काहीही असली तरी, आधी अमेरिकन पद्धतीने म्हणजे महिना प्रथम धरून वाचली जाते. तसे वाचणे शक्य नसेल, तर अ‍ॅक्सेस स्वतःहून दिवस आणि महिना यांची अदलाबदल करून पाहते. गिरगावातील एका गृहनिर्माण संस्थेच्या मेंटेनन्सच्या हिशेबात हे मी फार जवळून पाहिले. एका ज्येष्ठ सभासदांना वेळेत पैसे भरूनही थकबाकीवरील व्याज लागले होते. पावतीपुस्तकातील कार्बन प्रतीवर पावती क्रमांक ४१२ ची तारीख ११/०३, ४१३ ची १२/०३ आणि ४१४ ची १३/०३ अशी स्वच्छ दिसत होती. टेबलमध्ये मात्र ४१२ समोर ३ नोव्हेंबर, ४१३ समोर ३ डिसेंबर आणि ४१४ समोर बरोबर १३ मार्च होते. आजोबा दोन वेळा कार्यालयात येऊन गेले होते आणि दोन्ही वेळा त्यांना ‘कॉम्प्युटरमध्ये तसेच आहे’ असे सांगितले गेले होते. त्या दिवसापासून तारखेच्या चुकीकडे मी केवळ तांत्रिक चूक म्हणून पाहू शकत नाही; कोणाच्या तरी व्याजाचा, निवृत्तिवेतनाचा किंवा प्रवेशाच्या वयाचा प्रश्न तिच्यामागे असतो.

तिसरी पायरी: टेबललाच विचारा

अशा वेळी एक साधी क्वेरी पुष्कळ सांगून जाते. नोंदी महिन्यानुसार आणि महिन्यातील दिवसानुसार गटांत मोजाव्यात. फक्त मार्चमध्ये भरलेल्या नोंदी असूनही वर्षाच्या बाराही महिन्यांत थोड्या थोड्या नोंदी दिसत असतील आणि त्या प्रत्येक महिन्यात ३ तारखेलाच असतील, तर उलटापालट सिद्ध झाली, कारण मूळचा महिना आता दिवसाच्या जागी जाऊन बसला आहे. दुसरी खूण म्हणजे भविष्यातील तारखा. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत विश्वासार्ह, खूण म्हणजे क्रम: पावती क्रमांक, बिल क्रमांक किंवा आपोआप वाढणारा ओळख क्रमांक यांच्या क्रमाने नोंदी लावाव्यात आणि तारीख कुठे पुढे उडी मारते व पुन्हा मागे येते, ते पाहावे.

चौथी पायरी: दरवाजा शोधा

यासाठी चाचणीच्या दोन तारखा कायमच्या ठरवून घ्याव्यात: ४ मार्च २०२४ आणि २५ मार्च २०२४. पहिली शांतपणे उलटू शकते, दुसरी उलटली तर त्रुटी येते. चाचणी करताना पुष्कळ जण आजची तारीख किंवा ३१ डिसेंबर भरतात आणि त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. या दोन तारखा फॉर्ममधून भराव्यात आणि प्रत्येक दरवाजापाशी थांबून तारखेचा आकडा नव्हे, तर महिन्याचे नाव विचारावे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये डेटनेम आणि पोस्टग्रेस व ओरॅकलमध्ये टू_कॅर हे फंक्शन महिन्याचे नाव देते. मायएसक्यूएलमध्ये मंथनेम देते. आकडे पाहताना आपले डोळे आपल्याच सवयीने वाचतात, ‘एप्रिल’ हा शब्द मात्र फसवत नाही.

डेटाबेसच्या सेशनपाशी पोहोचल्यावर प्रत्येक डेटाबेसचा स्वभाव वेगळा लागतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये वाचनाची पद्धत लॉगिनच्या भाषेवर ठरते. डीबीसीसी युजरऑप्शन्स ही आज्ञा चालवली, की चालू सेशनची भाषा आणि डेटफॉरमॅट दिसतो. भाषा यूएस इंग्लिश असेल तर महिना प्रथम, ब्रिटिश असेल तर दिवस प्रथम. इथे एक सापळा आहे, ज्यात अनुभवी माणसेही अडकतात. वर्ष-महिना-दिवस ही आडव्या रेघांची मांडणी सुरक्षित आहे असे सगळे मानतात, पण जुन्या डेटटाइम प्रकारात ब्रिटिश भाषेच्या सेशनमध्ये २०२४-०३-०४ चे वाचन वर्ष-दिवस-महिना असे होते आणि ३ एप्रिल मिळतो. डेट आणि डेटटाइम२ या नव्या प्रकारांत तसे होत नाही. जुन्या प्रकारासाठी कोणतेही चिन्ह न घालता सलग आठ आकडे, म्हणजे २०२४०३०४, असे लिहावे; त्याचे वाचन कोणत्याही भाषेत एकच होते.

ओरॅकलमध्ये वाचन क्लायंटच्या, म्हणजे जोडलेल्या संगणकाच्या, एनएलएस (भाषा आणि प्रदेशाच्या) सेटिंगवर अवलंबून असते. त्यामुळे एकच क्वेरी तुमच्या संगणकावर चालते आणि शेजारच्या संगणकावर अडते. एनएलएस_सेशन_पॅरामीटर्स या व्ह्यूमध्ये दोन्ही संगणकांवरून पाहिले, तर फरक लगेच दिसतो. पोस्टग्रेसमध्ये शो डेटस्टाइल ही आज्ञा पुरेशी आहे. तिथे एमडीवाय (महिना-दिवस-वर्ष) दिसले, तर २५/०३/२०२४ वर त्रुटी येते आणि ०४/०३/२०२४ चा ३ एप्रिल होतो. मायएसक्यूएल मुळातच वर्ष प्रथम धरते, म्हणून तिथला घोळ निराळा असतो: ०४/०३/२४ असे दोन आकडी वर्ष दिले, तर ते २४ मार्च २००४ असे वाचले जाते. वीस वर्षे मागे गेलेल्या नोंदी दिसल्या, की मी आधी हेच तपासते.

एक दरवाजा मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. प्रोग्राम तुमच्या संगणकावर बरोबर चालतो, सर्व्हरवर चुकतो आणि सर्व्हरवर लॉगिन करून पाहिले तर रीजन सेटिंग इंग्लिश (इंडिया) अशी व्यवस्थित दिसते. कारण ती सेटिंग तुमच्या खात्याची असते. प्रोग्राम सर्व्हिस म्हणून ज्या सिस्टिम खात्यावर चालतो, त्याची सेटिंग अजूनही अमेरिकन असते. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये रीजन उघडून अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह या टॅबवर गेल्यावर कॉपी सेटिंग्ज हे बटण मिळते आणि तिथे सिस्टिम खात्यांची सेटिंग काय आहे ते दिसते. ती पाहण्यासाठी उघडावी. तिच्या भरवशावर प्रोग्राम चालू ठेवू नये, कारण उद्या सर्व्हर बदलला की तोच प्रश्न पुन्हा उभा राहील.

एक्सेलमधून जाणारी वाट

मुंबईतील लहान कार्यालयांत डेटाबेसमधून निघालेली प्रत्येक फाइल कधी ना कधी एक्सेलमधून जाते, म्हणून याकडे थोडे अधिक लक्ष द्यायला हवे. सीएसव्ही फाइलवर डबल क्लिक केले, की एक्सेल तारखा त्या संगणकाच्या रीजननुसार वाचते. अमेरिकन सेटिंग असलेल्या संगणकावर १२/०३/२०२४ ही ३ डिसेंबर होऊन रकान्याच्या उजव्या कडेला जाते आणि १३/०३/२०२४ तारीख न बनता मजकूर म्हणूनच डाव्या कडेला राहते. रकान्याची रुंदी थोडी वाढवून पाहिले, की काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे असे चित्र दिसते. ते दिसले, तर फाइल जतन न करता बंद करावी, कारण जतन केल्यावर मूळ मजकूर परत मिळणार नाही. डबल क्लिकऐवजी डेटा टॅबमधील फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही हा पर्याय घ्यावा, ट्रान्सफॉर्म डेटावर जाऊन त्या कॉलमचा प्रकार यूझिंग लोकेलने बदलावा आणि तिथे इंग्लिश (इंडिया) निवडावे.

तारीख एक दिवस मागे जाते तेव्हा

हा प्रश्न दिवस-महिन्याच्या अदलाबदलीपेक्षा वेगळा आहे, पण तक्रार तशीच येते. ब्राउझरमध्ये ४ मार्चची मध्यरात्र तयार झाली आणि ती जावास्क्रिप्टच्या टूआयएसओस्ट्रिंगने (हे फंक्शन वेळ ग्रिनिचच्या वेळेत बदलते) पाठवली, तर आपली प्रमाणवेळ साडेपाच तास पुढे असल्यामुळे ती ३ मार्च, १८:३० अशी जाते. पुढे कोणी वेळ कापून फक्त तारीख ठेवली, की एक दिवस गेलाच. डेटाबेसमध्ये १८:३० ही वेळ वारंवार दिसली, तर कारण हेच आहे असे समजावे. जन्मतारीख, पावतीची तारीख, सुट्टीची तारीख यांना वेळ नसते; त्या डेट प्रकारातच ठेवाव्यात आणि पाठवतानाही वर्ष-महिना-दिवस एवढाच मजकूर पाठवावा. एचटीएमएलचे डेट प्रकाराचे इनपुट पडद्यावर काहीही दाखवत असले, तरी नेमका तोच मजकूर पाठवते, हे त्याचे मोठे सुख आहे.

साडेपाच तास हाताने मिळवण्याची युक्ती तर कधीच करू नये. दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात भारतातील घड्याळे एक तास पुढे होती आणि टाइमझोनच्या माहितीत एशिया/कोलकाता या नावाखाली ती नोंद आहे. १९४३ साली जन्मलेल्या निवृत्तिवेतनधारकाच्या जन्मतारखेची मध्यरात्र त्या माहितीनुसार साडेसहा तास मागे नेली जाते आणि तुमचा कोड साडेपाच तासच परत मिळवतो. उरते आदल्या दिवशीची रात्र ११ ची वेळ. मुंबईसाठी वेगळा टाइमझोन शोधण्याचाही प्रयत्न करू नये. ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे असलेला जुना मुंबई टाइम १९५५ पर्यंत शहरात वापरात होता खरा, पण टाइमझोनच्या त्या माहितीत मुंबईची स्वतंत्र नोंद नाही.

पाचवी पायरी: कोडमधील दुरुस्ती

मूळ उपाय एकच आहे आणि तो सेटिंगमध्ये नाही. क्वेरीचा मजकूर जोडून तयार करताना तारीख मजकूर म्हणून त्यात घालू नये; ती पॅरामीटर म्हणून, म्हणजे क्वेरीच्या मजकुरापासून वेगळे मूल्य म्हणून, तारखेच्याच प्रकारात पाठवावी. असे केले, की मजकुराचे रूपांतर होतच नाही आणि दरवाजा बंद होतो. वापरकर्त्याकडून मजकूरच येत असेल, तर तो आत येताक्षणी फॉरमॅट स्पष्टपणे सांगून वाचावा: ओरॅकल आणि पोस्टग्रेसमध्ये टू_डेट, मायएसक्यूएलमध्ये एसटीआर_टू_डेट, एसक्यूएल सर्व्हरमध्ये कन्व्हर्ट आणि शैली क्रमांक १०३, डॉटनेटमध्ये पार्सएक्झॅक्ट. अ‍ॅक्सेसमध्ये हॅश चिन्हांत लिहिणे टाळताच येत नसेल, तर वर्ष प्रथम लिहावे.

फॉरमॅट लिहिताना अक्षरांचा लहान-मोठेपणा जपावा. डॉटनेट आणि जावामध्ये मोठे एमएम म्हणजे महिना आणि लहान एमएम म्हणजे मिनिटे. पावतीवर महिन्याच्या जागी ०० छापून आले, तर मध्यरात्रीची मिनिटे छापली गेली आहेत हे लगेच ओळखावे. ओरॅकलमध्ये मिनिटांसाठी एमआय लागते. तिथे चुकून एमएम लिहिले, तर मार्चमधील प्रत्येक वेळेत ०३ मिनिटे दिसतात. जावामध्ये मोठे वाय हे आठवड्यानुसार मोजलेले वर्ष असते, त्यामुळे ३१ डिसेंबर २०२४ चे ३१ डिसेंबर २०२५ होते; तिथे लहान वाय वापरावे.

मराठी पडदे बनवणाऱ्यांसाठी एक खास सूचना आहे. जावास्क्रिप्टला एमआर-आयएन (मराठी, भारत) हे लोकेल दिले, तर तारीख देवनागरी आकड्यांत येते आणि वाचणाऱ्याला ती आवडते. ती दाखवण्यापुरतीच ठेवावी. तोच मजकूर पुन्हा उचलून डेटाबेसकडे पाठवला, तर तो तारीख म्हणून वाचला जाण्याची अपेक्षा धरू नये. दाखवायची तारीख आणि पाठवायची तारीख ही दोन स्वतंत्र मूल्ये असावीत.

सहावी पायरी: जुन्या नोंदींची दुरुस्ती

संपूर्ण टेबलवर दिवस आणि महिना यांची सरसकट अदलाबदल करणारी अपडेट क्वेरी चालवू नये, कारण त्यात १३ तारखेनंतरच्या बरोबर नोंदीही असतात आणि मधल्या काळात कोणी सेटिंग बदललेली असू शकते. नवीन कॉलम जोडून त्यात सुधारित तारीख लिहावी आणि जुना कॉलम तसाच ठेवावा. जी नोंद चुकीची असल्याचा पुरावा आहे, तीच सुधारावी. पुरावा म्हणजे क्रमांकांचा क्रम, नोंद तयार झाल्याची सर्व्हरने स्वतः लिहिलेली वेळ किंवा कागद. संस्थेच्या त्या हिशेबात बहुतेक पावत्या क्रमाने सुटल्या. महिन्याच्या सुरुवातीला पावतीपुस्तक बदलले होते, तिथल्या मोजक्या पावत्या मात्र क्रमाने ठरवता येत नव्हत्या. त्यांच्यासाठी मी आणि संस्थेचे सचिव एक संपूर्ण दुपार कार्बन प्रती उलटत बसलो. तो वेळ द्यावाच लागतो.

सुधारित तारखा मान्य झाल्यावर टेबलवर भविष्यातील तारीख नाकारणारी अट घालावी आणि ४ मार्च व २५ मार्च या दोन्ही तारखांची चाचणी सेशनची भाषा एकदा यूएस इंग्लिश आणि एकदा ब्रिटिश ठेवून प्रत्येक नव्या आवृत्तीआधी चालवावी. बदललेल्या प्रत्येक नोंदीची जुनी तारीख, नवी तारीख आणि पुरावा यांची छापील यादी करून त्यावर जबाबदार व्यक्तीची सही घ्यावी. जुना कॉलम लेखापरीक्षण पूर्ण होईपर्यंत काढून टाकू नये.